एका रात्रीचा पाहुणा

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "काका, दादरच्या केटरिंग कॉलेजात तीन वर्षं घासली आणि आता नाइट शिफ्ट? रात्री दहाला येऊन पहाटे पळणाऱ्या लोकांना चावी द्यायची, यात शिकण्यासारखं काय आहे?" तेव्हा काउंटरसमोर चार बॅगा आणि एक रडणारं पोर होतं, म्हणून उत्तर दिलं नाही. आता अडीच वाजलेत, नाइट ऑडिट, म्हणजे दिवसभराचा हिशेब बंद करणं, आटोपलंय. बसून लिहितो.

आपल्या हॉटेलात 42 खोल्या आहेत. एका रात्रीचं बुकिंग दिसलं की डेस्कवरच्या पोराचा हात आपोआप 108 च्या चावीकडे जातो. 108 लिफ्टला चिकटून आहे, पलीकडे पॅन्ट्री, खिडकीखाली टॅक्सीवाल्यांचा कट्टा. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे." मीही कित्येक वर्षं हेच केलं. आता उलटं करतो. चार रात्री राहणारा दुसऱ्या दिवशी तक्रार करतो, आपण खोली बदलून देतो, तिसऱ्या दिवशी तो ते विसरूनही जातो. एका रात्रीवाल्याकडे दुसरी रात्रच नसते. शिवाय तो झोपायला इथे आला, त्याला कारण असतं. उद्या परीक्षा असते, मंत्रालयात फाइल असते, नाहीतर पहाटेचं विमान असतं. मागच्या बाजूच्या शांत खोल्या आधी त्याला. मॅनेजर कुरकुरेल, माझं नाव सांग.

टाटा हॉस्पिटलला आलेली माणसं तुला दोन दिवसांत ओळखू येतील. काखेत रिपोर्टांची जाड फाइल, बरोबर घरचा डबा, आणि भाडं विचारताना आवाज खाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली नाही की यातले काहीजण आपल्या दारात येतात. मी आधी ज्या हॉटेलात होतो, तिथे खोल्यांपेक्षा तीन-चार बुकिंग जास्तच घ्यायचे. धंद्याची रीतच आहे ती, कारण तेवढे लोक येतच नाहीत. एका रात्री सगळेच आले. अशा वेळी बाहेर कोणाला पाठवायचं, तर एका रात्रीवाल्याला. लांब मुक्कामाचं गिऱ्हाईक कोण घालवणार? रात्री साडेअकराला मी एका म्हाताऱ्या जोडप्याला "शेजारीच आहे" म्हणून दुसऱ्या लॉजची चिठ्ठी दिली. ते शेजारी नव्हतं. सकाळी साडेसातला बाई माझ्याकडे राहिलेली छत्री न्यायला परत आल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बुकिंग जास्त घेणं तुझ्या हातात नाही, पण कोणाला पाठवायचं हे रात्री तूच ठरवणार आहेस. तरुण, एकटा, एकच सॅक असलेला बघ. टॅक्सीचे पैसे हॉटेलकडून दे, आणि पलीकडच्या लॉजला आधी फोन करून खोली पक्की झाल्याशिवाय त्याला काउंटरवरून हलू देऊ नकोस.

तारखेचा घोळ मात्र नीट समजून घे, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. आपला दिवस ऑडिट झालं की बदलतो, कॅलेंडरचा रात्री बारा वाजता. गाडी लेट होऊन माणूस रात्री एकला दादरला उतरतो आणि प्लॅटफॉर्मवरूनच अॅपवर खोली घेतो. मोबाइल त्याला नवी तारीख दाखवतो. म्हणजे त्याचं चेक-इन दुपारी बाराचं, आणि तो उभा आहे रात्री दीडला. "सर, तुमचं बुकिंग उद्याचं आहे," असं त्या वेळी म्हणणारा पोरगा मार खाण्याच्या लायकीचा. खोली रिकामी असेल तर आधी चावी दे, मग अॅपवाल्यांशी मी बघतो. याच घोळाचं दुसरं टोक सकाळी येतं. कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, कोकणकन्या, सगळ्या सकाळी दादरला माणसं ओततात आणि आपल्या खोल्या तेव्हा भरलेल्या असतात. त्यांची बॅग ठेवून घे, आंघोळीपुरती एखादी खोली मोकळी ठेव. गरम पाण्याची बादली मिळालेला माणूस बारापर्यंत कुरकुरत नाही.

ओळखपत्र प्रत्येकाचं घ्यायचं, पण आधारच पाहिजे असा हट्ट नको. लायसन्स चालतं, मतदार कार्ड चालतं, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधारही चालतं. झेरॉक्स ड्रॉवरमध्ये, काउंटरवर पसरलेली नको. जोडपं आलं तर दोघांची ओळखपत्रं बघ; लग्न झालंय का, हे विचारायला आपल्याला कोणी नेमलेलं नाही. आणि खोलीचा नंबर कधीही मोठ्यानं बोलू नकोस, विशेषतः बाई एकटी असेल तेव्हा. चावीच्या पाकिटावर लिहून तिच्याकडे सरकव. लॉबीत सोफ्यावर कोण बसलंय ते तुला माहीत नसतं.

वेक-अप कॉल कॉम्प्युटरवर टाकतोस तसा वहीतही लिही. लाइट गेली, सिस्टिम बसली, तरी वही राहते. फोन दोनदा वाजून उचलला नाही तर रूमबॉयला दार वाजवायला पाठव, आणि आतून आवाज येईपर्यंत त्याला तिथून हलू नको म्हणून सांग. "हो" म्हणून पुन्हा झोपणारे फार असतात, मीही त्यातलाच.

बिल रात्रीच काढून ठेव. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. जुने गिऱ्हाईक अजून जुना आकडा धरून भांडतात, त्यांना हसून बिलावरचा नवा आकडा दाखव. कंपनीचं बिल हवं असेल तर जीएसटी नंबर चेक-इनलाच विचार. पहाटे साडेचारला, खाली टॅक्सी हॉर्न मारत असताना, कोणालाही तो पंधरा आकडी-अक्षरी नंबर आठवत नाही.

बाकीचं काउंटरवर उभा राहून कळेल. जागरणाचं म्हणशील तर दुपारी झोपताना खिडकीला जाड चादर लाव, आणि पहिला आठवडा चहा कमी पी. रात्री कॅन्टीन अकराला बंद होतं, तेव्हा डबा घरून आण. भात नको, झोप येते.

सोमवारी साडेनऊला ये, दहाला नको. मागच्या दारानं. आणि येताना स्टेशनबाहेरून दोन बॉलपेन घेऊन ये, इथली पाहुणे नेतात.

तुझा,
नाइटवाला काका