तीन इंची रेझिनच्या घोड्यांना एअरब्रशने प्रायमर आणि सीलर कोणता मारावा?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत: प्रायमर (रंगाखालचा थर) पोपडे धरून निघतो, आणि शेवटचा सीलर (रंग राखणारा वरचा थर) मारला की मुश्की, म्हणजे काळा घोडा राख फासल्यासारखा दिसतो. गाव परभणी, काम घरातल्या खोलीत. बाटलीचं नाव सांगतोच, पण पोपड्यांचं कारण बहुधा बाटलीत नाही.

रेझिन म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लास्टिक. त्याचा घोडा साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट थर देतात. तो घोड्यावर राहतो, आणि पाण्यावरचा प्रायमर त्यावर नुसता पसरतो, धरत नाही. भांडी घासायचं लिक्विड, जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घ्या. गरम पाणी नको, काडीएवढे पाय लगेच वाकतात. आयाळीच्या खाचा, पोटाखालचा भाग आणि शेपटीचं मूळ दोनदा घासा. शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याने द्या, कारण बोअरचं पाणी वाळलं की क्षाराचे डाग राहतात आणि ते प्रायमरखालून खरखरीत लागतात. मग ४०० आणि त्यानंतर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, ओलाच फिरवा. रेझिनची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. रात्रभर वाळवा आणि त्यानंतर उघड्या हाताने धरू नका. खुराच्या तळाला १ मिमीचं भोक पाडून तार बसवली की तीच मूठ.

आता प्रायमर. लॅकरचा (उग्र सॉल्व्हंटमधल्या रंगाचा) वास बाहेर काढायला पंखा असेल आणि तोंडावर ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क असेल, तर मी मिस्टर सर्फेसर १५०० हा लॅकरचा प्रायमर घेईन. (एन-९५ वाफ अडवत नाही.) नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक, तीन इंची घोड्यावर १००० नंबरचा जाड हात नाकपुड्या आणि कानाची खोली भरून टाकतो. एक भाग प्रायमरला एक ते दीड भाग लेव्हलिंग थिनर, ०.३ मिमीचं नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय. साच्याच्या सांध्याची रेघ दिसली तर हा प्रायमर घासता येतो, ही त्याची मोठी सोय.

घरात लहान मुलं असतील तर पाण्यावरचाच घ्या: स्टायनिलरेझ किंवा वलेहोचा सरफेस प्रायमर. घासायचं काम बाकी असेल तर मी स्टायनिलरेझकडे झुकतो. वलेहोचा थर पेपर लावला की रबरासारखा गुंडाळून सोलतो. नोझल ०.४, दाब २० च्या आसपास, १० थेंबांना १ थेंब रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव). वलेहोत पातळ करायला स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घालू नका, दुधासारखा फाटतो आणि सुई जाम होते. पाण्यावरचा कोणताही प्रायमर हाताला तासाभरात कोरडा लागला तरी २४ तासांआधी टेप लावू नका. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला स्प्रे कॅन एवढ्या लहान अंगासाठी फार जाड पडतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर धातूचा एअरब्रश धुवायलाच ठेवा. घोडा पॉलिस्टायरीन प्लास्टिकचा असेल तर हे थिनर त्याला खाऊन टाकतं. आणि मऊ पीव्हीसीच्या खेळण्यांना सॉल्व्हंटचे स्प्रे मारू नका, त्यातले कित्येक वाळतच नाहीत, महिनोन्महिने चिकट राहतात.

मारताना घोडा उलटा धरून आधी पोट आणि मांड्यांची आतली बाजू, मग बरगड्या, पाठ शेवटी. कानांची टोकं एकमेकांकडे वळलेला मारवाडी असेल तर त्या टोकांमागून तिरका फवारा द्या. समोरून दिला तर मधल्या फटीत थेंब साचतो. धुक्यासारखे तीन पातळ हात, दोन हातांत दहा मिनिटं. तिन्ही मिळून मिलि-दीड मिलि पुरतो.

सीलर पांढरा का पडतो, ते बोट फिरवून ओळखा. खरखरीत लागलं तर थेंब घोड्यापर्यंत पोचायच्या आतच वाळतोय. मे महिन्यातल्या भर दुपारी आपल्याकडे हेच होतं. सकाळी नऊच्या आत काम उरका, चार इंचांवरून मारा, रिटार्डर घाला. गुळगुळीत पण सगळीकडे दुधाळ असेल आणि सीलर लॅकरचा असेल तर हवेतला दमटपणा: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प धरतं. त्यासाठी पावसाळाच लागतो असं नाही. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालू ठेवून फवारलं तरी तेच! कूलर बंद करा, हायग्रोमीटर ६० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर थांबा, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढा. पांढरेपणा फक्त आयाळीच्या खाचांत असेल तर मॅट (बिनचमकेच्या) सीलरमधली पावडर तिथे साचली आहे. बाटली दोन मिनिटं हलवा, हात पातळ ठेवा. पावडर साचलेला घोडा ग्लॉसच्या (चमकदार सीलरच्या) एका पातळ हाताने बहुतेक वेळा परत काळा होतो. मग वर मॅटचा अगदी हलका फवारा.

रंग पाण्यावरचे असतील तर सीलरही पाण्यावरचा घ्या. निव्वळ मॅटने घोडा मातीचा दिसतो, जिवंत अंगाला मंद चमक असते. मी तीन भाग मॅटला एक भाग ग्लॉस धरतो, एकाच कंपनीचे. लॅकरचा सीलरच मारायचा असेल तर रंग २४ तास वाळू द्या, पहिले दोन हात कोरडे, म्हणजे अगदी हलके द्या. इनॅमलवर तर मारूच नका, सुरकुत्या पडतात. अंगावर पेस्टल पावडर चोळणार असाल तर खालचा थर मॅटच हवा, ग्लॉसवर ती धरत नाही. सीलर बसला की पेस्टल एक-दोन छटा गडद होतो, तेव्हा कुमैताचा (तांबूस-तपकिरी घोड्याचा) लालसरपणा थोडा फिकटच ठेवा.

पंचकल्याणी करणार असाल तर पाय आणि कपाळ पांढरं करण्याआधी एक सीलर मारून घ्या. पांढरा चुकला तर ओल्या ब्रशने पुसता येतो, खालचा रंग हलत नाही. डोळ्यांचा ग्लॉस मात्र सगळ्यात शेवटी, ब्रशनेच, एकेक थेंब. आधी दिलात तर वरचा मॅट डोळे आंधळे करतो.