पाय मुरगळलाय, घरी क्रेप बँडेज आहे. बांधू का? किती घट्ट बांधायचं?

तुम्ही लिहिलंय की आई पायरीवरून उतरताना पाय मुरगळून पडल्या, घोटा बाहेरच्या बाजूने सुजलाय आणि कपाटात एक जुनं क्रेप बँडेज सापडलंय. वय ६४, साखर १२ वर्षांपासून. मी हाडांच्या दवाखान्यात १८ वर्षं ड्रेसिंग-प्लास्टरचं काम करते. डॉक्टर नाही, पण बँडेज रोज हातात असतं, म्हणून लिहिते.

बँडेज उलगडण्याआधी हाड पाहा. घोट्याला दोन्ही बाजूंनी जी गाठीसारखी हाडं लागतात, त्यांचं टोक आणि मागची कड बोटाने दाबा. कडेवरून साधारण चार बोटं वरपर्यंत दाबत जा. मग करंगळीच्या बाजूने पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तो दाबा, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढचं हाडही. यातल्या कुठेही नेमकं हाडावर दुखलं, किंवा आधाराशिवाय चार पावलं टाकता आली नाहीत (लंगडत टाकली तरी चालतात), तर एक्स-रे काढायचा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली हे नियम मांडले आणि आजही जगभर तेच वापरतात. मात्र ही परीक्षा ज्याला दुखणं नीट कळतं त्याच्यासाठी आहे. साखरेमुळे आईंचे तळवे बधिर असतील तर ‘काही विशेष दुखत नाही’ या शब्दावर थांबू नका, एक्स-रे काढाच.

आता बँडेज. ते १० सेंटिमीटर रुंदीचं असेल तर घोट्याला ठीक, ८चंही चालतं. ६चं मनगटासाठी असतं. घोट्यावर त्याची दोरी होते आणि काचतं. जुनं आहे म्हणालात, म्हणून हातभर ओढून सोडून बघा. परत आखडलं नाही तर ते बाजूला ठेवा, नवीन आणा.

बांधायच्या आधी ते घट्ट गुंडाळलेलं हवं. सुटी पट्टी घेऊन बांधायला बसलं की ताण कुठे कमी, कुठे जास्त होतो. आईंना पाय लांब करून बसवा, पाऊल पोटरीशी काटकोनात ठेवा. बोटं खाली झुकलेली असताना बांधलं तर उभं राहिल्यावर बँडेज पुढून काचतं आणि मागून ढिलं पडतं. सुरुवात बोटांच्या मुळापासून करायची, कधीही पोटरीकडून खाली यायचं नाही, कारण मग सूज बोटांत ढकलली जाते. पहिले दोन वेढे पावलावर. तळव्याखालून जाताना पट्टी अंगठ्याच्या बाजूने करंगळीच्या बाजूला न्या, म्हणजे मुरगळलेली बाहेरची बाजू वर उचलून धरली जाते. मग पावलावरून तिरकं घोट्यामागे, पुन्हा तिरकं पावलाखाली, असा आठचा आकडा. प्रत्येक वेढ्याने आधीचा निम्मा झाकायचा. मध्ये फट राहिली की सूज नेमकी त्या फटीतून फुगून वर येते, म्हणून मी टाचही झाकते. घोट्याच्या वर चार-सहा बोटं गेलं की थांबा आणि टोक चिकटपट्टीने चिकटवा. पाकिटातली दातेरी क्लिप मी वापरत नाही. सुटून गादीत पडते आणि घरात रांगतं मूल असतं.

किती घट्ट, हे सगळेच विचारतात. पट्टी पूर्ण ताणून जेवढी लांब होते त्याच्या साधारण निम्म्या ताणाने, पावलाशी किंचित जास्त आणि वर जाताना सैल. पण खरं उत्तर बोटं देतात, म्हणून ती कायम उघडी ठेवायची. अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बांधल्यावर १० मिनिटांनी पुन्हा बघा, नंतर तासा-दोन तासांनी, कारण सूज पहिल्या दिवशी वाढत असते आणि दुपारी बरोबर बसलेलं बँडेज संध्याकाळी आवळतं. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या किंवा ठणका वाढला तर लगेच सोडा.

मुंग्या आणि ठणका ही माणसाने सांगायची लक्षणं आहेत, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत माझी काळजी तिथेच आहे. माझ्या सासूबाईंनाही साखर होती. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी शेजारणीकडून बँडेज बांधून घेतलं आणि तसंच ठेवून झोपल्या. रात्रभर एक शब्द नाही. सकाळी मी सोडलं तर गुडघ्यामागे बोटभर रुंद लाल चर आणि त्यावर दोन फोड. ती जखम भरायला सव्वा महिना लागला. त्यांना खरंच काही जाणवलं नव्हतं.

म्हणून आईंचे तळवे बधिर असतील, पायाच्या जखमा लवकर भरत नसतील किंवा थोडं चाललं की पोटरीत गोळे येऊन थांबावं लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बँडेज बांधू नका. तोवर पाय दोन उशांवर छातीपेक्षा उंच ठेवा आणि चालू देऊ नका. बर्फही अशा पायाला थेट लावू नका, कातडी गारठून जळते आणि कळत नाही. गार पाण्यात पिळलेलं फडकं १० मिनिटं, उचलून कातडी बघायची, मग पुन्हा.

यातलं काहीच नसेल तर बांधा. बँडेजने तुटलेला तंतू जुळत नाही. आधार मिळतो, सूज थोडी आवरते. आंबेहळदीचा गरम लेप आणि मालीश निदान पहिले तीन दिवस नको. ताज्या दुखापतीवर चोळलं की सूज आणखी वाढते. पोटरी काही न लागता एकाएकी सुजली, गरम लागली तर ते मुरगळणं नव्हे. तिथे बँडेज न बांधता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

तुम्ही शेवटी विचारलंय की शेतात साप चावला तर हेच बँडेज आवळावं का. नाही. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाच्या विषाने चावल्या जागीच मांस खराब होतं, आवळलं की नुकसान वाढतं. पाय हलू नये म्हणून फळीला सैलसर बांधा, तेवढ्यापुरतं बँडेज चालेल, आणि १०८ला फोन करा.

आज रात्री झोपताना आईंचं बँडेज काढून ठेवा. सकाळी तळवा आणि टाच उजेडात नीट बघा, कुठे लाल वळ नसेल तरच पुन्हा बांधा. दोन-तीन दिवसांत सूज उतरायला लागली नाही तर त्यांना दाखवून आणा.