जुन्या पीसीला डीव्हीआय पोर्ट आहे आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय, तर जोडता येईल का? आवाज पण टीव्हीतूनच हवाय

हो येईल की, आणि महागडा कन्व्हर्टर अजिबात घेऊ नका. डीव्हीआय आणि एचडीएमआय दोन्हीत पिक्चरचा डिजिटल सिग्नल एकाच पद्धतीचा असतो त्यामुळे साधी डीव्हीआय टू एचडीएमआय केबल चालते, फुल एचडी म्हणजे १९२०×१०८० आरामात मिळतं. फक्त पीसीचा पोर्ट डीव्हीआय-ए नाही ना ते बघा, तो अ‍ॅनालॉग असतो, डिजिटल नाही, त्यामुळे त्याला ही केबल चालत नाही (क्वचितच दिसतो म्हणा). निळा १५ पिनांचा व्हीजीए असता तर मात्र पॉवरवाला कन्व्हर्टर लागलाच असता, नुसत्या केबलने काही होत नाही, दुकानदार खुशाल विकतात तरी.

आता आवाजाचं. डीव्हीआयमधून आवाज जात नाही, काही ग्राफिक्स कार्ड पाठवतात पण त्या भरवशावर राहू नका. पीसीच्या मागच्या हिरव्या जॅकमधून ३.५ एमएमची वायर टीव्हीच्या ऑडिओ-इनला लावा, आणि टीव्हीला ते नसेल तर सरळ स्पीकर लावा पीसीलाच.

आणि हो, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही, मी स्वतः अर्धा तास काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो होतो ह्याच्यापायी. मग विंडोज की आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. कडा कापल्या जात असतील, टास्कबार अर्धवट दिसत असेल तर तो ओव्हरस्कॅन, टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी सापडेल ते चालू करा.