वाचकांचे प्रश्न : प्राध्यापक कनूथ यांच्या आवडीची पुस्तके

प्रश्न : माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. डोनाल्ड कनूथ यांनी शिफारस केलेल्या पुस्तकांची यादी तिच्या पाहण्यात आली. मात्र तीत बऱ्याच कादंबऱ्या असल्याचे पाहून तिला नवल वाटले. एवढा मोठा संगणकशास्त्रज्ञ कादंबऱ्या का सुचवतो, आणि तिने सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या मुलीला पडलेला प्रश्न मला फार आवडला. संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक 1974 मध्ये मिळवणारे, ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथ 1968 पासून खंडाखंडाने लिहीत आलेले आणि गणिताची पाने देखणी छापता यावीत म्हणून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली स्वतः घडवणारे कनूथ आज्ञावलीकडेही माणसाने वाचायचे लेखन म्हणून पाहतात. अशा माणसाला कादंबरीची बांधणी मोहात पाडते, यात मला विसंगती दिसत नाही.

या यादीत त्यांनी जॉर्ज पेरेक यांच्या ‘लाइफ : अ यूजर्स मॅन्युअल’ या कादंबरीला विसाव्या शतकातील बहुधा सर्वश्रेष्ठ कादंबरीचा मान दिला आहे. मूळ फ्रेंच पुस्तक 1978 चे आहे. पॅरिसमधील एका इमारतीचा दर्शनी भाग काढून टाकला तर आतल्या खोल्या जशा दिसतील, तशी दहा बाय दहा घरांची चौकट पेरेक यांनी आखली आणि बुद्धिबळातला घोडा अडीच घरांची चाल करत जसा पटभर फिरेल, त्या क्रमाने कथा एका खोलीतून दुसरीत नेली. कोणत्या प्रकरणात कोणत्या वस्तू आणि कोणते संदर्भ यावेत, हे मात्र त्यांनी दहाच्या लॅटिन चौरसांच्या जोडीवरून ठरवले. अशा जोडीत प्रत्येक घरात एक अक्षर आणि एक अंक असतो. कोणत्याही ओळीत वा स्तंभात एकच अक्षर किंवा अंक दोनदा येत नाही आणि अक्षर-अंकाची कोणतीही जोडी चौकटीत पुन्हा दिसत नाही.

दहाच्या चौकटीत ही मांडणी अशक्यच असावी, असा तर्क स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकात केला होता. तो 1959 मध्ये राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी खोटा ठरवला. हे श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले; त्यांचे नाव आपल्याकडे अजून पुरेसे घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. कनूथ यांनीही आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात आरंभीच या चौरसांची सविस्तर चर्चा केली आहे, त्यामुळे आपल्या मुलीला पाठ्यविषय आणि कादंबरी एकाच जागी भेटतील.

इयन पेअर्स यांच्या ‘अ‍ॅन इन्स्टन्स ऑफ द फिंगरपोस्ट’मध्ये 1660 च्या दशकातील ऑक्सफर्डमधला एक खून चार जण आपापल्या परीने सांगतात, आणि त्यांपैकी एक जॉन वॉलिस हे खरोखर होऊन गेलेले गणितज्ञ आहेत, आधीच्या निवेदकावर ठेवलेला विश्वास पुढचा निवेदक कसा डळमळीत करतो, हे सावकाश वाचण्यासारखे आहे. रामानुजन यांचे रॉबर्ट कनिगेल यांनी लिहिलेले चरित्रही यादीत आहे, पण ते ती आपण होऊनच हाती घेईल.

सुरुवात मात्र विक्रम सेठ यांच्या ‘द गोल्डन गेट’पासून करावी, असे मी सुचवतो. कनूथ जेथे शिकवत होते त्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे संशोधन करत असलेल्या सेठ यांनी 1986 ची ही कादंबरी, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिकेसह, चौदा ओळींच्या कडव्यांत लिहिली. केशवसुतांनी मराठीत आणलेले सुनीत तिने शाळेत वाचले असेल, तर हा घाट तिला परका वाटणार नाही. यमके डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात, म्हणून पहिली काही पाने तिने मोठ्याने वाचावीत आणि शक्य झाल्यास आपणही शेजारी बसून ऐकावीत.