केक विटेसारखा का झाला?

प्रश्न : मुलांसाठी मैद्याऐवजी पूर्ण कणीक घेतली, साखर काढून टाकली आणि तिच्या जागी थोडा मध घातला. केक फुगलाच नाही, घट्ट आणि कोरडा झाला. माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही दोन मोठे बदल एकाच वेळी केलेत, ताई. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती ओलावा धरून ठेवते, लोण्याबरोबर फेसताना हवा अडकवते, केक मऊ ठेवते. ती गेली की हे सगळंच जातं. म्हणून आधी पाव भागच कमी करा. माझ्या घरी २०० ग्रॅमवरून १५० वर आले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कणकेतला कोंडा पाणी जास्त पितो, आणि सावकाश पितो. मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेते. कणीक दह्यात २० मिनिटं भिजवते, दोन-तीन चमचे दूध जास्त घालते. बेकिंग पावडर मात्र अगदी शेवटी, मैद्याबरोबर चाळून. त्यानंतर फार घोटायचं नाही.

सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी कुस्करून घातलीत तर गोडी आणि ओलावा दोन्ही मिळतात. तेवढं दूध कमी करा.

मधाबद्दल स्पष्टच सांगते : शरीराच्या दृष्टीने तीही साखरच. घरात कुणाला मधुमेह असेल, तर ‘मधाचा आहे’ म्हणून मोठा तुकडा देऊ नका. माझ्या आईच्या बाबतीत ही चूक मी वर्षभर केली.