दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, आता पुढं काय?

प्रश्न : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलेय. ट्रेनिंग झालं दोन दिवसांचं, पुस्तिका मिळाली, ग्रुप फोटो झाला. पण परवा सर्वसाधारण सभेत 41 विषय होते आणि तासाभरात मंजूर मंजूर करत सभा उरकली. मला अर्धे शब्द कळलेच नाहीत आणि शेजारच्याला विचारायची लाज वाटली. आता शिकायचं तर कुठं आणि कसं? – एक नगरसेविका

उत्तर : ताई, लाज कसली त्यात. मी 10 वर्षं नगरसेविका होते आणि पहिल्या वर्षी माझं अगदी हेच झालं होतं. आमच्या वॉर्डातल्या रस्त्याच्या डांबरीकरणाचा विषय आला, मी खुशीत बाक वाजवला, आणि त्याच अजेंड्यावर चार विषय खाली त्याच रस्त्याखालनं पाण्याची नवी लाइन टाकायचा विषय होता तो मी वाचलाच नव्हता. मे महिन्यात डांबर पडलं, दिवाळी झाल्यावर जेसीबी आला. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ते बघणं मला अजून आठवतं.

त्यामुळं पहिलं काम, अजेंडा वाचायला शिका. सर्वसाधारण सभेची नोटीस 7 पूर्ण दिवस आधी मिळायला पाहिजे आणि विशेष सभेची 3 दिवस, असं 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आहे. ते 7 दिवस म्हणजेच तुमचं खरं ट्रेनिंग बघा. प्रत्येक विषयाची टिपणी मागून घ्या, नुसतं शीर्षक वाचून काही कळत नाही, "दर मंजूर करणे" एवढ्या तीन शब्दांखाली लाखोंचा खर्च असतो. आणि पहिला विषय असतो ना, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, तो सगळे झोपेत मंजूर करतात, पण तोच सगळ्यात नीट वाचायचा. सभेत बोललं गेलं एक आणि लिहिलं गेलं दुसरं असं झालेलं असेल तर ते पकडायची जागा तीच, एकदा कायम झालं की मग तुम्ही किती का ओरडेना. अजेंड्यावर नसलेल्या ऐनवेळच्या विषयांना मात्र डोळे झाकून हात वर करू नका, कागद दाखवा म्हणा.

मग एखादं छोटं काम धरा, गटार धरा नाहीतर अंगणवाडीची दुरुस्ती, आणि त्याची फाइल सुरुवातीपासनं शेवटपर्यंत बघा. एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, मग एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, मग बिल. एमबीत लांबी लिहिलीय 60 मीटर तर टेप घेऊन जावा आणि इंजिनिअर साहेबांना बरोबर घेऊन मोजा. भांडायला नाही, शिकायला जातोय असं आधीच सांगायचं, बहुतेक इंजिनिअर मनापासनं समजावून सांगतात, त्यांना कुणी विचारतच नाही हो. एका फाइलीत जे कळतं ते दोन दिवसांच्या स्लाइडमधनं कळत नाही.

पण याचा अर्थ ट्रेनिंग नकोच असा नाही. पुण्यातली यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आणि अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या दोन्ही ठिकाणी लोकप्रतिनिधींसाठी वर्ग होतात, मिळेल तेव्हा जावाच. माझं दुखणं वेळेचं आहे. निवडून आल्या आल्या सगळं एकदम कानावर ओततात, तेव्हा प्रश्न काय विचारायचा हेच माहीत नसतं. बजेट फेब्रुवारीअखेर मंजूर व्हायचं असतं, मग बजेटचा वर्ग डिसेंबर-जानेवारीतच पाहिजे, आपल्याच पालिकेचा अंदाजपत्रकाचा कागद समोर ठेवून, आणि आपल्याच लेखापालांनी घेतलेला. दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस असा वर्ग ठेवा म्हणून लेखी मागणी करा, एकटीनं नको, पक्ष बाजूला ठेवून चार-पाच नव्या सदस्यांच्या सह्या घ्या.

आणि फिरा. आपल्याच जिल्ह्यात कराडशेजारी मलकापूरला मीटर लावून 24 तास पाणी दिलं, पाचगणीनं जिथं कचरा डेपो होता ती जागा साफ करून स्वच्छ भारत पॉइंट केला. लांब कुठं अभ्यास दौऱ्याला जायची गरज नाही, सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. तिथल्या मुकादमाशी, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाशी बोला, सुरुवातीला मीटरला लोकांचा विरोध झाला का, बिल कसं बसवलं, हे सगळं विचारा.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे. मागच्या ट्रेनिंगला मालकच गेले, हजेरीला सही नंतर माझी घेतली. घरचे म्हणतात तुला काय कळणार त्यातलं. काय करू?

उत्तर : राज्यात 2011 पासनं निम्म्या जागा बायकांसाठी आहेत त्या बाईनं स्वतः बसावं म्हणून आहेत, सहीपुरत्या नाहीत. घरात भांडण नको वाटत असेल तर कळण्यापासनं सुरुवात करा. मोबाइलवर ई-ग्रामस्वराज ही सरकारी वेबसाइट उघडा, आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, तो आपल्या गावात कशावर खर्च झाला ते बघा. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडनं, म्हणजे आधीच्या ग्रामसेवकांकडनं, नमुना 8 आणि 9 ही कराची रजिस्टरं मागा, कुणाच्या घराला किती कर लागलाय आणि किती थकलाय ते कळेल. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती तुमच्या गावात खरंच होते का, हे पुढच्या मीटिंगमध्ये तुम्हीच विचारा. जेवताना एकदा घरात हे आकडे बोलून बघा, तुला काय कळणार हे वाक्य तिथंच थांबेल.

पुढच्या ट्रेनिंगचं पत्र तुमच्या नावानंच येईल. लेकरं एक दिवस सासूबाईंकडं नाहीतर जाऊबाईंकडं द्या, सकाळच्या एसटीनं जावा, आणि हजेरीपटावर सही तिथं बसून करा.