गेम खेळताना पीसी फ्रीझ होतो, फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट अजिबात मारू नकोस भावा. तू लिहिलंयस, 3060 ग्राफिक्स कार्ड आहे, गेम थोडा वेळ चालतो मग चित्र थांबतं, आवाज घर्रर्र करत अडकतो, बटण दाबून बंद करावा लागतो, आणि इव्हेंट व्ह्युअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 दिसतंय म्हणून दुकानवाल्यानं फॉरमॅट सांगितलाय. अरे त्या 41 चा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन झाला नव्हता. बटण तूच दाबलंस, मग ते येणारच की!

फॉरमॅट म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण आमचे भावजी. पुण्यात आयटीत आहेत, माणूस चांगला, पण प्रिंटर अडला तरी फॉरमॅट. आमचं घर बेळगावात वडगावला, आजूबाजूला सगळे पॉवरलूम. माझा पीसी असाच अडकायचा, संध्याकाळी जास्त, आणि रात्री माग बंद झाले की निवांत चालायचा. भावजींना सांगितलं तर हसले. गणपतीला आले तेव्हा स्वतः बसून फॉरमॅट केला, माझे गेमचे सगळे सेव्ह गेले, आणि ते पुण्याची गाडी धरायच्या आत परत फ्रीझ. तर म्हणतात आता रॅम बदल. मी म्हटलं भावजी, शेजारचे माग बंद झालेले विंडोजला कळतात होय? तर आई माझ्यावरच ओरडली, मोठ्यांना उलट बोलूलैस म्हणून.

शेवटी उद्यमबागेत मेंटेनन्सला असलेला दोस्त मल्टिमीटर घेऊन आला. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायचा, एक मोलेक्स (चार पिनांचा जुना प्लग) मोकळा होता, त्याच्या पिवळ्या-काळ्या वायरीत पिना घालून गेम चालू केला. डेस्कटॉपवर 12 व्होल्टच्या आसपास, गेममध्ये लोड आला की 11.2, आणि गोठला. 5 टक्के सूट धरली तरी 11.4 च्या खाली जायला नको. साईड पॅनल उघडंच होतं म्हणून दिसलं, कार्डाला लावलेल्या मोलेक्स कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीपाशी तपकिरी होऊन फुगलेलं. आणि एसएमपीएस कसला, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर 500 वॅट छापलेलं, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. माग चालू असताना घरातलं व्होल्टेज पडलं की असले स्वस्तातले टिकत नाहीत, ॲक्टिव्ह पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) चांगला असेल तर 100 ते 240 व्होल्टपर्यंत कुरकुर न करता चालतो. तो बदलला, विषय संपला.

तुझं 3060 एकटंच 170 वॅट खातं, कंपनी 550 वॅटचा एसएमपीएस सांगते. तुझा कुठला आहे ते लिहिलंच नाहीस, तेच आधी बघ. कार्डाला पीसीआयईची वायर सरळ एसएमपीएसमधनं यायला पाहिजे, कन्व्हर्टर नको. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, वायरमनला बोलव. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नकोस, बंद असला तरी आतले कपॅसिटर झटका देतात.

आता हेही खरं की दरवेळी एसएमपीएसच असतो असं नाही. एचडब्ल्यूइन्फो लावून टेंपरेचर बघ, प्रोसेसर 95 डिग्रीच्या वर जात असेल तर थर्मल पेस्ट बदल आणि धूळ काढ. चित्र काळं होऊन आवाज नीट चालू राहत असेल तर ड्रायव्हर, डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या सॉफ्टवेअरनं काढून परत टाक. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायचं सेटिंग) चालू असेल तर बंद करून खेळून बघ, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लाव. म्हणजे रॅम असूही शकते, पण ती तपासून बदलायची, भावजींसारखं अंदाजानं नाही. ते अजून सगळ्यांना सांगतात की एसएमपीएस बसवताना ड्रायव्हर अपडेट झाला म्हणून पीसी सुधारला. त्या दिवशी नेट बंद होतं भावजी, आणि ड्रायव्हरला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.